बॅटरी सोडून वजन

काटेसाहेबांचं खरं आडनाव आता पोस्टमनलाच काय ते ठाऊक. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात त्यांची उभी हयात गेली, म्हणून सोसायटीने त्यांना काटेसाहेब करून टाकलं. निवृत्तीनंतर साहेबपणा गेला, काटे तेवढे राहिले. भाजीवाली अजूनही ते दिसले की आधी पारडं पुसायची आणि मग भाव सांगायची. आयुष्यात त्यांनी एकही वस्तू तोलूनमापून पाहिल्याशिवाय घरात आणली नव्हती. अशा माणसाची एका यंत्राच्या वजनातच फसगत व्हावी, हा दैवाचा विनोद होता. पण दैवाचे विनोद ज्याच्यावर केलेले असतात त्याला सहसा हसू येत नाही.

सुरुवात झाली ती डॉक्टरांच्या अंगठ्यापासून.

डॉक्टर म्हणजे तळमजल्यावर दवाखाना आणि वरच्या मजल्यावर घर असलेले दातांचे डॉक्टर. तोंडात कापूस कोंबून काटेसाहेबांना गप्प बसवू शकलेला हा जगातला एकमेव माणूस, आणि बहुधा म्हणूनच त्यांचा एकमेव मित्र. गेल्या वर्षी डॉक्टरांचे हात थरथरायला लागले. आधी ते चहाच्या कपाला कळलं, मग नर्सबाईंना, आणि पेशंटना कळायच्या आत डॉक्टरांनी स्वतःच दवाखाना बंद केला. पाटी उतरली, औषधांची कपाटं गेली. राहिली ती फक्त खुर्ची, मागे कलणारी, पायाशी पेडल असलेली. ती कोणी विकत घेईना आणि दारातून बाहेरही निघेना. बहुतेक ती आधी ठेवून मग भिंती बांधल्या असाव्यात. त्या रिकाम्या खोलीत डॉक्टर दिवसदिवस एकटे बसू लागले, तेव्हा त्यांच्या पत्नीने जिन्यात काटेसाहेबांना गाठलं.

"भाऊजी, ह्यांना कशात तरी गुंतवा हो. नुसते त्या खुर्चीकडे बघत बसतात."

काटेसाहेबांनी गुंतवलं. दवाखान्याचं वर्कशॉप झालं. करवत आली, रंधा आला, एक जुनं टेबल आलं. आता काय करायचं, हा प्रश्न पेशंटांनीच सोडवला. दवाखाना बंद झाल्याचं ज्यांच्या मनाने घेतलं नव्हतं, असे जुने पेशंट अजूनही गालाला रुमाल लावून यायचे आणि पायरीवर ताटकळत उभे राहायचे. डॉक्टर दोन्ही हातांनी टॉर्च धरून त्यांच्या तोंडात डोकवायचे आणि आता कुठे जायचं ते सांगायचे. "उभ्याउभ्या कळवळतात बिचारे," डॉक्टर म्हणाले. "दाराशी एक बाक करू या."

फळ्या आल्या, पाय कापून झाले. पहिल्याच स्क्रूला डॉक्टरांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाचेतून निसटला आणि डाव्या अंगठ्यात घुसला.

डॉक्टरांच्या पत्नीने, वहिनींनी, पट्टी बांधली. डॉक्टर पट्टीकडे बघत म्हणाले, "जाऊ द्या, काटेसाहेब. बाक काय, विकतही मिळतात."

"थांबा," काटेसाहेब म्हणाले. "मी बघतो."

'मी बघतो' हे शब्द ऐकले की काटेसाहेबांच्या बायकोच्या छातीत धस्स व्हायचं. एकदा त्यांनी स्वयंपाकघरातला गळका नळ असाच 'बघितला' होता, आणि नंतर तो खालच्या दोन्ही मजल्यांनी बघितला होता.

"बॅटरीवर चालणारा ड्रिल आणायचा," त्यांनी भाजी निवडणाऱ्या बायकोला जाहीर केलं. "भोकही तोच पाडतो, स्क्रूही तोच फिरवतो. डॉक्टरांनी फक्त धरायचा आणि चाप दाबायचा. मनगट फिरवायची भानगडच नाही."

"छान. डॉक्टरांना उचलेल ना, तेवढं बघा."

"अगं, त्यात व्होल्ट असतात. पीळ देण्याची ताकद असते, तिला टॉर्क म्हणतात. मोटारीचे प्रकार—"

"असू देत. उचलेल ना?"

तांत्रिक विषयात घरच्या माणसांशी बोलणं म्हणजे वेळेचा अपव्यय, असं ठरवून काटेसाहेब बाहेर पडले. इथेच चुकलं. प्रश्न एकच होता आणि तो एका पालेभाजीच्या जुडीपलीकडून विचारून झाला होता. पण ज्या प्रश्नाला आकडे चिकटलेले नाहीत, तो प्रश्न काटेसाहेबांना कधी प्रश्नच वाटला नाही.

जिन्यातच सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. या गृहस्थांना कुठल्याही विषयावर मत विचारावं लागत नसे.

"हॅमरवाला घ्या," ते म्हणाले. "ठोकत ठोकत भोक पाडतो. काँक्रीटसुद्धा लोण्यासारखं."

"आम्हाला लाकडाचा बाक करायचाय."

"आज बाक आहे हो. उद्या भिंत आली तर?"

भिंत कुठून आणि कशाला येईल, हे काटेसाहेबांना समजेना; पण ती आलीच तर आपण बेसावध सापडू, ही भीती मात्र त्यांच्या मनात कायमची बसली. भिंतीत भोक पाडण्याआधी समितीची परवानगी लागते, असं सेक्रेटरींनी जाता जाता बजावलं. म्हणजे ज्या भिंतीसाठी यंत्र घ्यायचं, तिला हात लावायला बंदी.

मग मेहुणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ बांधकामाचं सामान पुरवायचा, त्यामुळे त्याच्या मताला कुटुंबात जवळजवळ न्यायालयाचा दर्जा होता.

"दाजी, ब्रशवाली मोटार घेऊ नका. बिनब्रशची घ्या."

"ब्रश कशाला असतो त्यात?"

"तेच तर! कशाला हवाय? झिजतो, ठिणग्या उडतात. आणि बॅटरी मोठी घ्या. लहान बॅटरी म्हणजे ऐन कामात मान टाकते. मी येतो तुमच्याबरोबर दुकानात. तुम्हाला एकट्याला गंडवतील."

काटेसाहेबांना गंडवतील! शहरभरच्या दुकानदारांनी ज्यांना बघून शटरं ओढली होती, त्यांना! पण मेहुण्याशी वाद घालायचा नाही, हा संसाराचा अलिखित नियम पाळून ते गप्प राहिले. आत कुठेतरी मात्र दुखावले. माणूस दुखावलेल्या अवस्थेत कधीही खरेदीला जाऊ नये.

दुकानात विक्रेता तरुण होता. त्याने काटेसाहेबांच्या पांढऱ्या केसांकडे एकवार पाहिलं आणि मागे न बघताच फळीवरून एक छोटं यंत्र काढलं.

"हे घ्या आजोबा. कॉम्पॅक्ट. घरगुती वापराला मस्त. अगदी आजींनासुद्धा जमेल."

यंत्र खरोखरच सुबक होतं. आखूड नाक, हातात सहज बसणारी मूठ. काटेसाहेबांनी ते उचललंही होतं. तेवढ्यात 'आजींनासुद्धा' हे शब्द कानातून मेंदूपर्यंत पोचले.

"आमचं वर्कशॉप आहे," ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. खात्यात दंड ठोठावताना लागायचा तो होता.

"वर्कशॉप? सॉरी सर! मग हे नाही चालणार."

आजोबांचे सर झाले, आणि सर व्हायला काय लागतं ते मागच्या खोलीतून दोन्ही हातांनी उचलून आणलं गेलं. सुटकेससारख्या पेटीत ते पहुडलं होतं. काळं, जाडजूड, हॅमरसकट, बिनब्रशचं. मेहुण्याचे डोळे चमकले. "दाजी, हेच!" काटेसाहेबांनी सवयीने पेटीची बाजू वाचली. वजन छापलेलं होतं, आणि ते खरंच फार नव्हतं. हात लावून बघायची गरज त्यांना वाटली नाही. छापील वजनावर विश्वास ठेवू नका, असं ज्यांनी सगळ्या जगाला सांगितलं, त्यांनी त्या दिवशी एका तरुणाच्या तोंडून पुन्हा एकदा 'सर' ऐकण्यासाठी छापील वजनावर विश्वास ठेवला.

वर्कशॉपमध्ये पेटी उघडली तेव्हा डॉक्टरांनी आधी ती सगळी बघून घेतली. त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी काहीतरी उमटलं. "काय हो, हत्यार आहे की तोफ?" ते हसत म्हणाले आणि उजव्या हाताने त्यांनी ते उचललं. म्हणजे उचलायला गेले. यंत्राचं नाक टेबलाच्या कडेला आपटलं. मग दोन्ही हातांनी उचललं. ते वर आलं, पण बरोबर खांद्यापर्यंतचे दोन्ही हात थरथरायला लागले.

"सवय होईल," काटेसाहेब म्हणाले.

यंत्राच्या मानेवर आकड्यांची एक कडी होती. किती जोर लागला की यंत्राने आपणहून थांबायचं, ते त्या कडीने ठरतं. ही माहिती पुस्तिकेत अनेक भाषांत दिली होती, त्यांतली एकही काटेसाहेबांना येत नव्हती. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, या सरकारी नोकरीत मुरलेल्या समजुतीने त्यांनी कडी शेवटपर्यंत फिरवून ठेवली. डॉक्टरांनी स्क्रूवर नाक टेकवलं आणि चाप दाबला. स्क्रू क्षणात लाकडात गडप झाला आणि अडला. यंत्र अडलं नाही. स्क्रू फिरेना म्हणून ते स्वतःच फिरलं, डॉक्टरांच्या मनगटासकट.

डॉक्टर ओरडले नाहीत. फक्त मनगट पोटाशी धरून हळूच त्या जुन्या खुर्चीच्या कडेला टेकले. पेशंटच्या खुर्चीत डॉक्टरांना बसलेलं काटेसाहेबांनी कधी पाहिलं नव्हतं.

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. वहिनींनी पट्टी बांधली, नवऱ्याला हाताला धरून वर नेलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी काटेसाहेब विचारपूस करायला गेले तर वहिनी दारातच म्हणाल्या, "झोपलेत हो ते, भाऊजी." आत रेडिओ चालू होता आणि बातम्यांना डॉक्टरांचा 'हं' स्पष्ट ऐकू येत होता. त्यानंतर ते रोज जात राहिले आणि डॉक्टर रोज झोपलेले राहिले. एक पेशंट रुमाल लावून बराच वेळ पायरीवर उभा राहिला. टॉर्च घेऊन कोणीच आलं नाही, तेव्हा निघून गेला. काटेसाहेबांनी हे वरच्या खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

"मी तुम्हाला काही म्हणणार नाही," बायको म्हणाली. हे म्हणण्यापेक्षा वाईट होतं.

तिने भाजी तोलायचा घरातला काटा मात्र टेबलावर आणून ठेवला. काटेसाहेबांनी यंत्र त्यावर ठेवलं. आकडा बघून त्यांनी ते उचललं, काटा पुन्हा शून्यावर आणला आणि यंत्र परत ठेवलं. पेटीवर छापलं होतं त्याच्या जवळजवळ दुप्पट!

निराश माणसाला राग हा मोठा आधार असतो. काटेसाहेब पेटी घेऊन दुकानात धडकले. उघडलेला माल परत घेत नाहीत, असं सांगून दुकानाने त्यांना कंपनीच्या तक्रार केंद्राकडे पिटाळलं. तिथे काउंटरवरची मुलगी संगणकाकडे बघत बोलायची.

"तक्रार काय?"

"जड आहे."

"तसं नाही इथे. चालू होत नाही, धूर येतो, आवाज येतो. ह्यातलं सांगा."

"धूर येत नाही. यंत्र उत्तम चालतं. फारच उत्तम चालतं. जड आहे."

"धूर लिहू का? धुराला लवकर बदलून मिळतं."

"मी खोटी तक्रार करणार नाही! खरी आहे माझ्याजवळ. पेटीवर वजन कमी छापलंय. हा गुन्हा आहे. मी ह्या खात्यात निरीक्षक होतो."

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. पेटी फिरवून पाहिली आणि नखाने एक जागा दाखवली. वजनाच्या आकड्याखाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं: बॅटरी सोडून.

काटेसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. अक्षरं तिथेच होती.

"बॅटरी सोडून हे चालतं का?"

"नाही."

"मग बॅटरी सोडून वजन कशाला?"

"सर, कायद्यात बसतं."

कायदा त्यांना तोंडपाठ होता. त्यांनी मनातल्या मनात कलमं चाळली. बसत होतं. डब्यासकट माल तोलणाऱ्यांना त्यांनी जन्मभर पकडलं. इथे अर्धा मालच वगळून वजन छापलेलं होतं आणि पकडला गेला होता निरीक्षक. ते उठले. पेटी उचलताना त्यांच्या लक्षात आलं, की ती त्यांनाही जड होते आहे.

घरी मेहुणा येऊन बसला होता. सगळी हकीगत ऐकून तो जरासुद्धा हळहळला नाही.

"एवढं काय, दाजी! मी घेतो की तो. मला गच्चीवर पत्र्याची शेड टाकायचीच होती. असाच लागणार होता, हॅमरवाला, मोठ्या बॅटरीचा." पेटी बगलेत मारून तो गेलासुद्धा. बाकाचा विचार एवढ्या कळकळीने करणारा माणूस मुळात शेडचा विचार करत होता, हे काटेसाहेबांना जिन्यातली पावलं विरल्यावर उमगलं. बायकोकडे त्यांनी पाहिलं. तिने भावाच्या वतीने पंख्याकडे पाहिलं.

त्या संध्याकाळी ते डॉक्टरांकडे गेले. "झोपले—" वहिनी म्हणू लागल्या.

"झोपू द्या, वहिनी. मी दाराबाहेरूनच बोलतो," काटेसाहेब म्हणाले आणि आवाज चढवला. "डॉक्टर! माझं चुकलं. दुकानात मला कोणी आजोबा म्हणालं, आणि मी डोक्यात राख घालून घेतली. तुमचा हात माझ्या डोक्यात राहिलाच नाही."

आतला रेडिओ बंद झाला. बऱ्याच वेळाने डॉक्टर दारात आले. मनगटावर अजून पट्टी होती.

"काटेसाहेब, माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय मी कधी ड्रिल लावलं नाही. लहान मूल असलं तरी आधी दाखवायचो, हातात द्यायचो. तुम्ही मला एकदा विचारायचं होतंत."

"आता विचारतो. येता का माझ्याबरोबर दुकानात?"

डॉक्टर वहिनींकडे बघू लागले. वहिनींनी कपाटातून त्यांचा इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

दुकानात तोच तरुण होता. काटेसाहेबांनी यावेळी आपणहून सांगितलं, "आम्ही दोघे आजोबा आहोत. हलक्यात हलकं दाखव." त्याने बोटभर जाडीचं एक खेळणं दाखवलं. काटेसाहेब खूश झाले. डॉक्टरांनी ते धरलं आणि मान हलवली. हातात पाखरू धरावं तसं ते फडफडत होतं.

"अगदी हलकं नको. थोडं वजन लागतं, मग माझा हात जरा स्थिर राहतो," डॉक्टर म्हणाले. हे काटेसाहेबांना माहीत नव्हतं. सेक्रेटरींना, मेहुण्याला, पेटीवर वजन छापणाऱ्यांनाही माहीत नव्हतं, आणि कोणी विचारलं असतं तर डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

मग डॉक्टरांनी एकेक यंत्र हातात घ्यायला सुरुवात केली. बॅटरी लावून. मागे इतर गिऱ्हाइकं खोळंबली, कोणीतरी सुस्कारा सोडला. काटेसाहेबांनी मागे वळून असं पाहिलं, की सुस्कारा परत आत गेला. शेवटी डॉक्टरांचा हात एका यंत्रावर थांबला. पहिल्या दिवशी तरुणाने न बघता काढून दिलेलं, आजींनासुद्धा जमणारं तेच ते. काटेसाहेबांनी छताकडे पाहिलं.

बाकाचं काम सुरू झालं. कडी सर्वांत लहान आकड्यावर. काटेसाहेब फळी दाबून धरायचे आणि डॉक्टर स्क्रू बसवायचे. काही सरळ जायचे, काही तिरके, एक तर फळीच्या बाजूने बाहेर डोकावला. पण डॉक्टर प्रत्येक स्क्रूनंतर दात तपासावा तसं वाकून बघायचे आणि "हं, बसला" म्हणायचे. शेवटच्या पायाला काटेसाहेब जरा जास्तच वाकले होते. डॉक्टरांनी नाक टेकवलं, हात थरथरला, नाक सरकलं, चाप दाबला गेला. यंत्र घुरघुरलं आणि थांबलं.

"बसला?" डॉक्टरांनी विचारलं.

"बसला," काटेसाहेब म्हणाले. "माझी बाही पण बसली."

स्क्रू त्यांच्या शर्टाच्या कफातून आरपार जाऊन बाकात रुतला होता. डॉक्टर आधी पांढरेफटक पडले. कातडीला लागलेलं नाही हे दिसल्यावर मात्र ते जे हसत सुटले, ते त्यांना थांबवेना. डोळ्यांतून पाणी आलं. "थांबा, उलटा फिरवून काढतो," ते म्हणाले आणि चाप दाबला. यंत्राने एक उचकी दिली आणि मान टाकली. बॅटरी संपली होती.

बॅटरी चार्जरवर चढली, लाल दिवा लागला. काटेसाहेब बाकाला जखडलेले. डॉक्टर त्यांच्याशेजारी जमिनीवरच भिंतीला टेकून बसले. हसू ओसरलं.

"लेक न्यायला येतेय," डॉक्टर म्हणाले. "ह्या महिन्याअखेर. आम्हा दोघांना. हिच्याने आता एकटीने होत नाही, काटेसाहेब. शर्टाची बटणंसुद्धा हीच लावते."

"कायमचं?"

"घर लावलंय विक्रीला, दवाखान्यासकट. खुर्ची घेणाऱ्याच्या गळ्यात."

काटेसाहेबांना पुष्कळ बोलायचं होतं. तोंडात कापूस नव्हता, तरी काही फुटेना. एरवी असं काही ऐकलं की ते ताडकन उठून जायचे, काम आठवल्यासारखं करायचे. आज उठता येत नव्हतं.

एवढ्यात मघाचा हसण्याचा आवाज ऐकून वहिनी खाली आल्या. एवढ्या महिन्यांत त्यांनी तो ऐकला नव्हता. दारातून त्यांनी दोघांचा अवतार पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"अहो भाऊजी, असे काय बसलात? शर्टाची बटणं काढली की सुटाल!"

"माहीत आहे, वहिनी," काटेसाहेब म्हणाले.

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग दार पुढे ओढून परत वर गेल्या.

चार्जरवरचा दिवा हिरवा झाला. डॉक्टर भिंतीला धरून उठले, बॅटरी बसवली, यंत्र दोन्ही हातांत घेतलं. वाकून त्यांनी स्क्रूच्या खाचेत नाक टेकवलं आणि हजारो माणसांना ज्या आवाजात सांगितलं असेल, त्याच शांत आवाजात म्हणाले, "घाबरायचं नाही. दुखलं तर हात वर करायचा."

काटेसाहेबांनी मोकळा हात वर केला.

"अहो, अजून सुरूच केलं नाही मी," डॉक्टर म्हणाले.

काटेसाहेबांनी हात खाली घेतला नाही.